नकाराधिकाराला एकच मोजपट्टी हवी

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेत १८ नोव्हेंबर २०२४ रोजी, सोमवारी, सुदानमधील युद्धाविषयीचा एक ठराव मतास टाकण्यात आला. ब्रिटन आणि सिएरा लिओन यांनी मांडलेल्या त्या मसुद्यात लढाई थांबवावी, नागरिकांचे रक्षण व्हावे आणि मदतीची वाट मोकळी करावी, अशी मागणी होती. पंधरापैकी चौदा सदस्यांनी बाजूने मत दिले, एकट्या रशियाने विरोधात हात वर केला आणि ठराव बारगळला, कारण अमेरिका, रशिया, चीन, ब्रिटन आणि फ्रान्स या पाच स्थायी सदस्यांपैकी एकाचेही विरोधी मत ठराव पाडू शकते; हाच नकाराधिकार (व्हेटो). बुधवारी, म्हणजे २० नोव्हेंबरला, परिषदेच्या दहाही अस्थायी सदस्यांनी मिळून गाझातील तात्काळ, बिनशर्त आणि कायमस्वरूपी युद्धविरामाचा ठराव आणला. त्यात सर्व ओलिसांच्या सुटकेची मागणीही होती. पुन्हा चौदा विरुद्ध एक असे मतदान झाले, या वेळी विरोधातला हात अमेरिकेचा होता आणि हाही ठराव बारगळला. सोमवारी अमेरिकेच्या प्रतिनिधींनी रशियाच्या नकाराधिकाराचा कडक शब्दांत निषेध केला होता. बुधवारी रशियाच्या प्रतिनिधींनी अमेरिकेच्या नकाराधिकाराचा तितक्याच कडक शब्दांत निषेध केला. दोघांचीही टीका योग्य होती, आणि ती करण्याचा नैतिक अधिकार मात्र दोघांपैकी एकालाही नव्हता.

मी राज्यशास्त्राच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाची विद्यार्थिनी आहे. जागतिक घडामोडींवर बोलताना आमच्या पिढीत दोन टोकाचे सूर ऐकू येतात. संयुक्त राष्ट्रे निरुपयोगी ठरली आहेत, ती मोडीत काढावीत, असे काही जण म्हणतात. तर जग बळी तो कान पिळी या न्यायानेच चालते, तेथे नीतीच्या गप्पा कशाला, असे इतरांना वाटते. मला दोन्ही मते पटत नाहीत. माझे म्हणणे बरेच मर्यादित आहे. ज्या युद्धात एखादा स्थायी सदस्य स्वतः पक्षकार आहे, किंवा जेथे नागरिकांची मोठ्या प्रमाणावर हत्या चालू आहे, तेथे त्याला नकाराधिकार वापरता येऊ नये. आणि हा नियम आपल्या मित्रदेशांना, तसेच उद्या स्थायी सदस्य होऊ इच्छिणाऱ्या भारतालाही, तसाच लागू व्हावा.

नकाराधिकारावर टीका करण्याआधी तो आला कोठून हे पाहिले पाहिजे, कारण त्यामागचा विचार वाटतो तितका स्वार्थी नव्हता. पहिल्या महायुद्धानंतर स्थापन झालेल्या राष्ट्रसंघात निर्णयांसाठी सर्वसाधारणपणे एकमताची अट होती, म्हणजे एका अर्थाने प्रत्येक सदस्याकडेच नकाराधिकार होता. परंतु एखादा वाद संघापुढे आला, तर त्यातील पक्षकारांची मते वगळून निर्णय घेण्याची तरतूदही त्याच्या करारनाम्यात होती. जपानने चीनमधील मांचुरियावर केलेल्या आक्रमणाबद्दलचा अहवाल फेब्रुवारी १९३३ मध्ये राष्ट्रसंघाच्या सभेने ४२ विरुद्ध १ मतांनी स्वीकारला, तो याच तरतुदीमुळे. विरोधातले एकमेव मत जपानचे होते आणि ते मोजले गेले नाही. तत्त्व पाळले गेले, पण जपानचे शिष्टमंडळ सभागृहातून उठून गेले आणि पुढच्याच महिन्यात जपानने संघ सोडत असल्याची नोटीस दिली. त्याच वर्षी जर्मनी बाहेर पडला, १९३७ मध्ये इटली, आणि अमेरिका तर मुळात आत आलीच नव्हती. महासत्ताच बाहेर असतील तर जागतिक संघटना कागदावरच उरते, हा धडा १९४५ साली सर्वांच्या मनात ताजा होता.

याल्टा येथे फेब्रुवारी १९४५ मध्ये रूझवेल्ट, चर्चिल आणि स्टालिन यांच्यात नकाराधिकार देणाऱ्या मतदानाच्या सूत्रावर सहमती झाली आणि ते सूत्र संयुक्त राष्ट्रांच्या स्थापनेसाठी भरलेल्या सॅन फ्रान्सिस्कोच्या परिषदेत इतर राष्ट्रांपुढे ठेवण्यात आले. लहान देशांनी ते मुकाट्याने स्वीकारले, अशी समजूत आहे. ती चुकीची आहे. ऑस्ट्रेलियाचे परराष्ट्रमंत्री हर्बर्ट एव्हॅट आणि न्यूझीलंडचे पंतप्रधान पीटर फ्रेझर यांनी त्याला सातत्याने विरोध केला. तेव्हा अमेरिकी शिष्टमंडळातील सिनेटर टॉम कॉनली यांनी संयुक्त राष्ट्रांच्या सनदेच्या, म्हणजे घटनेच्या, मसुद्याची एक प्रत हातात घेऊन ती प्रतिनिधींसमोर फाडून दाखवली. नकाराधिकार नाकाराल तर सनदच फाटेल, हा त्याचा अर्थ कोणाला समजावून सांगावा लागला नाही. लहान देशांपुढे सदोष संघटना किंवा कोणतीही संघटना नाही, असे दोनच पर्याय होते आणि त्यांनी पहिला निवडला. भारत तेव्हा पारतंत्र्यात असूनही रामस्वामी मुदलियार यांच्या नेतृत्वाखालील शिष्टमंडळाने २६ जून १९४५ रोजी त्या सनदेवर सही केली.

म्हणूनच नकाराधिकार पूर्णपणे रद्द करावा असे मी म्हणत नाही. पाचही स्थायी सदस्य आज अण्वस्त्रधारी आहेत. त्यांच्यापैकी एकाविरुद्ध परिषदेने बहुमताने लष्करी कारवाई ठरवली, तर तिचा शेवट कोठे होईल हे सांगण्याची गरज नाही. एवढ्या टोकाच्या प्रसंगी नकाराधिकाराने जगाला वाचवलेलेही असेल. प्रश्न असा आहे की, हे संरक्षण ज्या धोक्यासाठी दिले गेले, त्या धोक्याशी काडीचाही संबंध नसलेल्या ठरावांवर ते का वापरले जाते? पाचांपैकी एकाची इच्छा असेल तर एखाद्या देशाचा प्रवेश अडतो. बांगलादेशाच्या सदस्यत्वाला चीनने ऑगस्ट १९७२ मध्ये अशीच आडकाठी केली आणि त्या देशाला १९७४ पर्यंत थांबावे लागले. पाचांपैकी एकाची इच्छा असेल तर महासचिवांची फेरनिवडही अडते. बुट्रोस बुट्रोस-घाली यांच्या पाठीशी १९९६ मध्ये चौदा सदस्य उभे होते आणि अमेरिकेच्या एका मताने त्यांना घरी जावे लागले. यात अणुयुद्ध टळण्याचा प्रश्न कोठे होता?

सर्वांत खटकणारी गोष्ट सीरियातील मदतीबाबत घडली आणि ती थोडी तपशिलाने सांगितली पाहिजे, कारण दूरच्या सभागृहातील एक हात जमिनीवर काय करतो हे तिच्यातून दिसते. जुलै २०१४ मध्ये परिषदेने एकमताने ठराव करून सीरियन सरकारच्या परवानगीशिवाय चार सीमानाक्यांवरून मदतीचे ट्रक आत नेण्याची मुभा दिली होती. दोन नाके तुर्कस्तानच्या सीमेवर होते, एक इराकच्या आणि एक जॉर्डनच्या. पीठ, औषधे, तंबू, लसी या वाटांनी सरकारच्या ताब्याबाहेरच्या भागात पोहोचत. या मुभेची मुदत वेळोवेळी वाढवावी लागे आणि प्रत्येक मुदतवाढीच्या वेळी रशियाची संमती लागे. जानेवारी २०२० मध्ये चाराचे दोन नाके झाले, जुलै २०२० मध्ये दोनाचा एक झाला. बाब अल-हवा या एका फाटकावर वायव्य सीरियातील लाखो विस्थापितांचा संसार अवलंबून राहिला आणि अखेर ११ जुलै २०२३ रोजी त्याच्याही मुदतवाढीच्या ठरावावर रशियाने नकाराधिकार वापरला. पुढची मदत दमास्कसमधील सरकारच्या मर्जीवर गेली. औषधांचा ट्रक कोणत्या फाटकातून जावा, हा विषय एखाद्या महासत्तेच्या अस्तित्वाचा असू शकतो, यावर माझा विश्वास बसत नाही.

रशियाची बाजूही मांडली पाहिजे, कारण ती अगदीच पोकळ नाही. मार्च २०११ मध्ये लिबियातील नागरिकांच्या रक्षणासाठी परिषदेने बळाच्या वापरास मान्यता दिली. दहा मते बाजूने पडली आणि रशिया, चीन, जर्मनी, ब्राझील व भारत तटस्थ राहिले. त्या परवानगीचा आधार घेऊन नाटोने चालवलेली मोहीम गडाफींची राजवट कोसळेपर्यंत चालली. नागरिकांच्या रक्षणाच्या नावाखाली सत्तांतर घडवले गेले, असा आक्षेप रशिया आणि चीनने घेतला आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये सीरियावरील ठरावावर दोघांनी मिळून नकाराधिकार वापरला. पाश्चात्त्य देशांनी लिबियात गमावलेल्या विश्वासाची किंमत सीरियातील माणसांनी मोजली, असे माझे स्पष्ट मत आहे. परंतु लिबियातील फसवणूक हे बॉम्बहल्ल्यांच्या निषेधाला नकार देण्याचे कारण असू शकते, असे मानले तरी पिठाच्या ट्रकला नकार देण्याचे ते कारण कधीच होऊ शकत नाही.

आता पक्षकाराच्या मताविषयी. सनदेच्या २७व्या कलमाच्या तिसऱ्या परिच्छेदात एक अट आहे, जिचा उल्लेख वर्तमानपत्रांत क्वचितच होतो. वादांच्या शांततामय सोडवणुकीसंबंधीच्या सहाव्या प्रकरणाखाली निर्णय घेताना वादातील पक्षकाराने मतदानापासून दूर राहिले पाहिजे, असे तेथे स्वच्छ लिहिले आहे. स्वतःच्या खटल्यात स्वतः न्यायाधीश होऊ नये, हेच ते जुने तत्त्व. निर्बंध किंवा लष्करी कारवाईच्या, म्हणजे सातव्या प्रकरणाखालील निर्णयांना मात्र ही अट लागू नाही, आणि पळवाट नेमकी येथेच आहे. ठराव कोणत्या प्रकरणाखाली आहे हे बहुतेक वेळा मसुद्यात लिहिलेलेच नसते, ते ठरवण्याचा आग्रह कोणी धरत नाही, आणि सुरुवातीच्या वर्षांत काही प्रसंगी पाळली गेलेली ही अट पुढे विस्मरणात गेल्यासारखी झाली. पाचही स्थायी सदस्यांना हे विस्मरण सोयीचे आहे.

त्याचा परिणाम फेब्रुवारी २०२२ मध्ये साऱ्या जगाने पाहिला. परिषदेचे अध्यक्षपद दर महिन्याला फिरते असते आणि त्या महिन्यात ते रशियाकडे होते. न्यूयॉर्कमध्ये २३ फेब्रुवारीच्या रात्री युक्रेनवरील संकटाबाबत तातडीची बैठक चालू होती, सदस्य एकामागून एक शांततेचे आवाहन करत होते आणि त्याच वेळी मॉस्कोतून पुतिन यांनी लष्करी मोहीम जाहीर केली. बैठकीच्या अध्यक्षस्थानी रशियाचे राजदूत बसलेले होते. युक्रेनच्या राजदूतांनी त्यांना ते स्थान सोडण्यास सांगितले. ते सोडले गेले नाही. दोन दिवसांनी आक्रमणाचा निषेध करणारा ठराव आला, अकरा मते बाजूने पडली, चीन, भारत आणि संयुक्त अरब अमिराती तटस्थ राहिले आणि रशियाच्या एका मताने ठराव पडला. ज्याच्याविरुद्ध तक्रार त्याच्याच हातात निकाल, आणि त्या महिन्यापुरती सभेची सूत्रेही त्याच्याच हातात. संयुक्त राष्ट्रांच्या सर्व सदस्य देशांना समान मत असलेल्या आमसभेने २ मार्च रोजी १४१ विरुद्ध ५ मतांनी रशियाचा निषेध केला. ३५ देश तटस्थ राहिले. आमसभेच्या ठरावामागे नैतिक वजन असते, पण तो सुरक्षा परिषदेच्या निर्णयासारखा बंधनकारक नसतो.

पक्षकारानेच नकाराधिकार वापरण्याची ही रीत एकट्या रशियाची नाही, हे येथेच नोंदवते. सुएझ कालव्याच्या प्रश्नावर ऑक्टोबर १९५६ मध्ये इस्रायलने इजिप्तवर हल्ला केल्यावर आणि ब्रिटन व फ्रान्स स्वतः त्या कारस्थानात सामील असताना, याच दोन देशांनी परिषदेतील ठराव नकाराधिकाराने पाडला. मात्र तेव्हा पुढे जे घडले ते आज आठवण्याजोगे आहे. कोरियन युद्धाच्या काळात, १९५० मध्ये, आमसभेने असा ठराव केला होता की, नकाराधिकारामुळे परिषद ठप्प झाली तर आमसभा आणीबाणीचे अधिवेशन बोलावून शिफारशी करू शकेल. त्या मार्गाने १९५६ मध्ये पहिले आणीबाणीचे विशेष अधिवेशन भरले, कॅनडाचे लेस्टर पिअर्सन यांच्या सूचनेवरून संयुक्त राष्ट्रांची आणीबाणी सेना उभी राहिली, भारतानेही तिच्यात सैनिक पाठवले आणि ब्रिटन-फ्रान्सच्या फौजा वर्ष संपण्याआधी माघारी गेल्या. अमेरिकेने ब्रिटनवर आणलेल्या आर्थिक दबावाचा त्यात मोठा वाटा होता, हे खरे आहे. तरीही परिषद अडली म्हणून सारे जग हात बांधून बसले नाही, हेही तितकेच खरे आहे.

गाझाच्या बाबतीत अमेरिका थेट लढणारा पक्ष नाही, त्यामुळे पक्षकाराची अट तिला लावता येणार नाही. तेथे मी दुसऱ्या अटीचा, म्हणजे नागरिकांच्या सामूहिक हत्येचा, आग्रह धरते. हमासने ७ ऑक्टोबर २०२३ रोजी इस्रायलमध्ये केलेले हत्याकांड आणि माणसांना ओलीस नेणे हा गुन्हाच होता, आणि त्याला उत्तर म्हणून गाझातील नागरिकांवर जे लादले गेले ते कोणत्याही स्वसंरक्षणाच्या व्याख्येत बसत नाही; ही दोन्ही वाक्ये एकाच माणसाला एकाच श्वासात बोलता आली पाहिजेत. महासचिव अंतोनियो गुटेरेस यांनी ६ डिसेंबर २०२३ रोजी सनदेच्या ९९व्या कलमाचा आधार घेऊन परिषदेला पत्र लिहिले; जागतिक शांततेला धोका वाटणारा विषय महासचिवांनी स्वतः परिषदेपुढे आणण्याची मुभा हे कलम देते. आपल्या कारकिर्दीत हे कलम त्यांनी तोपर्यंत एकदाही वापरले नव्हते. दोन दिवसांनी युद्धविरामाचा ठराव आला, तेरा सदस्य बाजूने होते, ब्रिटन तटस्थ राहिले. अमेरिकेच्या उपराजदूतांचा विरोधात वर गेलेला हात त्या दिवशीच्या छायाचित्रात जगभर छापून आला. पुढच्याच आठवड्यात आमसभेत १५३ देशांनी युद्धविरामाची मागणी केली. पुढे मार्च २०२४ मध्ये रमजानच्या काळापुरत्या युद्धविरामाचा ठराव आला, तेव्हा अमेरिका केवळ तटस्थ राहिली आणि तो चौदा मतांनी संमत झाला. मित्राच्या बाजूने दर वेळी हात वर केला नाही म्हणून अमेरिकेचे काही बिघडले नाही, एवढे तरी त्या दिवशी सिद्ध झाले.

वापरलेला नकाराधिकार निदान दिसतो. न वापरता केलेले काम दिसत नाही, आणि माझ्या मते तेच अधिक घातक आहे. अमुक विषय आणला तर अमुक देश तो पाडणारच, हे आधीच ठाऊक असल्यामुळे कितीतरी विषय परिषदेच्या टेबलावर येतच नाहीत किंवा आले तर इतके गुळमुळीत होऊन येतात की त्यांत काही दम उरत नाही. येथे १९७१ चा विचार करणे आपल्याला भाग आहे. पूर्व पाकिस्तानात २५ मार्च १९७१ च्या रात्री लष्कराने हत्यासत्र सुरू केले. वर्षअखेरीपर्यंत सुमारे एक कोटी निर्वासित भारतात आले. महासचिव ऊ थांट यांनी २० जुलै रोजी परिषदेच्या अध्यक्षांना टिपण पाठवून उपखंडातील स्थितीविषयी सावध केले. एवढे सारे होऊनही सुरक्षा परिषदेची या प्रश्नावर औपचारिक बैठक भरली ती ४ डिसेंबरला, भारत-पाकिस्तान युद्धाला तोंड फुटल्यावर. माणसे मरत होती तेव्हा जी परिषद मूग गिळून बसली, ती फौजा हलल्याबरोबर जागी झाली आणि तात्काळ शस्त्रसंधी मागू लागली. सोव्हिएत संघाने डिसेंबरमध्ये तीनदा नकाराधिकार वापरून ते ठराव रोखले आणि १६ डिसेंबरला ढाक्यात पाकिस्तानी सैन्याने शरणागती पत्करली.

आपल्याकडे नकाराधिकाराची चर्चा निघाली की हा दाखला हमखास दिला जातो, आणि त्यासोबत गोव्याचाही. डिसेंबर १९६१ मध्ये भारतीय फौजा गोव्यात शिरल्यावर शस्त्रसंधी आणि माघारीची मागणी करणारा पाश्चात्त्य देशांचा ठराव सोव्हिएत संघानेच पाडला होता; काश्मीर प्रश्नावरही त्या देशाने आपल्याला अशीच साथ दिली. तेव्हा ज्या शस्त्राने आपले रक्षण केले, त्यावर आता मर्यादा घाला असे म्हणणे हा कृतघ्नपणा नाही का, असे मला वादविवादांत अनेकदा विचारले जाते. प्रश्न रास्त आहे आणि त्याला बगल देणे योग्य होणार नाही. आमसभेत ७ डिसेंबर १९७१ रोजी १०४ देशांनी तात्काळ शस्त्रसंधीच्या बाजूने मत दिले होते, भारताच्या बाजूने विरोधात मत देणारे अकराच होते. बहुमत नेहमी न्यायाच्या बाजूचे असते, असे हा आकडा पाहिल्यावर मला म्हणवत नाही.

परंतु मी मागत असलेल्या मर्यादांनी १९७१ चा निकाल बदलला असता का, हेही तपासून पाहावे. सोव्हिएत संघ त्या युद्धात लढणारा पक्ष नव्हता, म्हणून पहिली अट त्याला लागली नसती. दुसरी अट हत्याकांड थांबवणाऱ्या ठरावाला अडवू नये एवढीच आहे. डिसेंबरमधील ठराव फौजा थांबवणारे होते, हत्याकांडाच्या कारणाला त्यांनी हात घातला नव्हता. उलट ती अट एप्रिलमध्ये अस्तित्वात असती, तर ‘कोणीतरी नकाराधिकार वापरेल’ ही सबब सांगून आठ महिन्यांहून अधिक काळ गप्प राहणे परिषदेला जड गेले असते. युद्धाची वेळच आली नसती असा दावा मी करणार नाही, पण पूर्व बंगालच्या माणसांना एका मित्रदेशाच्या मर्जीपेक्षा अधिक भक्कम आधार मिळाला असता. मित्राचा नकाराधिकार हा उसना आधार असतो. त्या मित्राचे हितसंबंध बदलले की तो काढून घेतला जातो, आणि ज्यांना असा मित्रच नाही त्यांनी काय करावे, याचे उत्तर १९९४ मध्ये रवांडाला मिळाले. सुमारे शंभर दिवसांत आठ लाखांच्या आसपास माणसे मारली गेली आणि त्याच काळात परिषदेने तेथील शांतिसेना वाढवण्याऐवजी अवघ्या २७० जणांवर आणण्याचा ठराव केला. तेथे कोणी नकाराधिकार वापरलाही नाही. महासत्तांना रस नाही एवढे पुरेसे होते.

या मर्यादा प्रत्यक्षात आणायच्या कशा, हा कठीण भाग आहे. सनदेच्या १०८व्या कलमानुसार दुरुस्तीला दोन तृतीयांश सदस्यांची आणि पाचही स्थायी सदस्यांची मंजुरी लागते, म्हणजे नकाराधिकार कमी करण्याच्या प्रस्तावालाही नकाराधिकार आहे. त्यामुळे सध्या तरी स्वेच्छेने पत्करलेल्या बंधनांचाच मार्ग उरतो. फ्रान्सने २०१३ मध्ये सुचवले की, सामूहिक हत्याकांडाच्या प्रसंगी पाचांनी नकाराधिकार आपणहून बाजूला ठेवावा आणि असा प्रसंग उद्भवला आहे का हे किमान पन्नास देशांच्या विनंतीवरून महासचिवांनी ठरवावे. २०१५ पासून मेक्सिकोसह या सूचनेसाठी पाठिंबा जमवला जात आहे. फ्रान्स आणि ब्रिटनने १९८९ नंतर नकाराधिकार वापरलेला नाही, ही गोष्ट त्यांच्या म्हणण्याला थोडे बळ देते. मात्र मूळ सूचनेत ‘महत्त्वाच्या राष्ट्रीय हितसंबंधां’चा अपवाद ठेवला होता आणि तो मला मान्य नाही. हितसंबंध महत्त्वाचे आहेत की नाही हे ज्याचे त्यानेच ठरवायचे असेल, तर बंधन कसले? लिख्टेनश्टाइनसारख्या चिमुकल्या देशाच्या पुढाकाराने आमसभेने २६ एप्रिल २०२२ रोजी केलेला ठराव मला त्याहून अधिक उपयोगी वाटतो. नकाराधिकार वापरला गेला की दहा कामकाजी दिवसांच्या आत आमसभेने त्यावर चर्चेला बसायचे, असे त्याने ठरले आणि तो विनामतदान संमत झाला. या चर्चांतील स्पष्टीकरणे पुष्कळदा ठरावीक साच्याची असतात. तरीही कारण सांगण्यासाठी सर्व देशांपुढे उभे राहावे लागणे हे आधी नव्हते.

आता भारताविषयी. जपान, जर्मनी आणि ब्राझील यांच्यासह भारत स्थायी सदस्यत्व मागत आहे आणि ती मागणी मला न्याय्य वाटते. चोपन्न सदस्य देश असलेल्या आफ्रिका खंडाकडे एकही स्थायी जागा नाही, हा तर याहून मोठा अन्याय आहे. नकाराधिकार ठेवायचाच असेल तर तो नव्या स्थायी सदस्यांनाही मिळाला पाहिजे, अशी भूमिका भारताने मांडलेली आहे, आणि वाटाघाटीच्या सोयीसाठी काही वर्षे तो न वापरण्याची तयारीही चारही देशांनी २००५ च्या प्रस्तावात दाखवली होती. समान दर्जाचा आग्रह मी समजू शकते. पण पाचाच्या जागी नऊ किंवा अकरा देशांच्या हाती अनिर्बंध नकाराधिकार आला, तर परिषद आजच्यापेक्षा अधिक वेळा अडेल. भारताने आत्ताच जाहीर करावे की, ज्या वादात आपण पक्षकार असू तेथे आपण मत देणार नाही, आणि सामूहिक हत्याकांड थांबवणाऱ्या ठरावावर आपण कधीही नकाराधिकार वापरणार नाही. याने आपली बाजू दुबळी होईल, असे म्हणणाऱ्यांना काश्मीरची चिंता वाटते, हे मला ठाऊक आहे. मात्र सिमला करारानंतर भारताने काश्मीर हा द्विपक्षीय प्रश्न मानला आहे आणि त्या भूमिकेचे रक्षण आपण अर्धशतकाहून अधिक काळ स्वतःचा नकाराधिकार नसतानाच केले आहे.

आपणा वाचकांकडूनही माझी एक अपेक्षा आहे. रशियाने अडवले की ‘पाश्चात्त्यांना धडा मिळाला’ आणि अमेरिकेने अडवले की ‘साम्राज्यवादाचा कळस झाला’, किंवा नेमके याच्या उलट, अशी मते मी वर्गातील चर्चांत आणि समाजमाध्यमांवर रोज वाचते. आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचे ते कार्टे, ही वृत्ती महासत्तांच्या प्रतिनिधींना पगारासाठी बाळगावी लागत असेल. आपल्यावर तशी कोणतीही सक्ती नाही. सुदानमधील एल फाशेर शहरातली आई आणि गाझामधली आई यांच्या दुःखाची तुलना करण्याचा अधिकार आपल्याला कोणी दिला?

संपादक महोदय, आपल्या वृत्तपत्रालाही एक विनंती करते. सुरक्षा परिषदेत एखादा ठराव पडला की ‘अमुक देशाने नकाराधिकार वापरला’ एवढ्या एका ओळीवर बातमी संपते. त्यासोबत ठरावात मूळ मागणी काय होती, तो कोणी मांडला, पंधरा सदस्यांपैकी कोण बाजूने आणि कोण तटस्थ राहिले, अडवणाऱ्याने कोणते कारण दिले, आणि दहा कामकाजी दिवसांच्या आत आमसभेत होणाऱ्या चर्चेत त्या कारणाला कोणी काय उत्तर दिले, हेही छापावे. मतदानाच्या नोंदी आणि भाषणे संयुक्त राष्ट्रे स्वतःच प्रसिद्ध करतात, त्यामुळे हे काम अवघड नाही. अर्ध्या स्तंभाची ही माहिती आपण नियमितपणे दिलीत, तर माझ्यासारख्या अनेक विद्यार्थ्यांना आपले मत बनवण्यासाठी दुसऱ्याच्या संतापावर अवलंबून राहावे लागणार नाही.

आपली विश्वासू,
राज्यशास्त्राची एक विद्यार्थिनी